खात नाही, बसते फक्त

"खात नाही गा ते. बसते फक्त."

हे म्हणताना तो डाव्या हाताची मूठ वळून हात उभा धरायचा आणि उजव्या हाताची बोटं त्या मनगटावर अलगद टेकवायचा. उभा हात म्हणजे झाड आणि त्यावरची बोटं म्हणजे आमरी. इंग्रजीत जिला ऑर्किड म्हणतात, ती आमरी. आपल्याकडे ती आंब्यावर, मोहावर बसलेली असते आणि लोक तिला बांडगूळ समजून खरवडून टाकतात. बांडगूळ झाडाचा रस पितं. आमरी पीत नाही, तिला नुसती बसायला जागा लागते. एवढं समजावायला त्याला ते दोन हात पुरायचे. पानठेल्यावर त्यानं हा प्रयोग केला, साहेबांच्या केबिनमध्ये केला, एकदा तर मोक्षधामावर, म्हणजे स्मशानात, लाकडांची वाट बघत उभ्या असलेल्या मंडळींपुढेही केला. आणि लोक ऐकायचे! तेच मी सांगितलं असतं तर मला कोणी दोन मिनिटं दिली नसती.

आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे घोटाळा नको. मी त्याच्यावर जळायचो. त्याचं कौतुक करणारी माणसं नागपुरात पुष्कळ होती, पण कौतुक करणारा फार बारीक बघत नाही. जळणारा बघतो. तुमच्या ओळखीतही असा एखादा माणूस असेलच, आठवून पाहा. त्याच्या शर्टाची बटणंसुद्धा तुम्हाला पाठ असतील.

आम्ही दोघं धरणं बांधणाऱ्या खात्यात ड्राफ्ट्समन होतो. टेबलाला टेबल लागून. मी पट्टी, स्टेन्सिल, सेट स्क्वेअर सगळं घेऊन बसायचो आणि घाम पुसत अक्षरं काढायचो. हा पठ्ठ्या तोंडानं कुठलीतरी गाण्याची ओळ गुणगुणत नुसत्या हातानं अक्षरं काढायचा आणि ती छापल्यासारखी यायची. महत्त्वाचा नकाशा आला की साहेब माझ्या टेबलापाशी थांबत, माझी विचारपूस करत, आणि कागदाची गुंडाळी त्याच्या टेबलावर ठेवून जात. माझी विचारपूस ते काहून करत असत, हे मला अजून कळलेलं नाही.

त्या काळी पक्के नकाशे कागदावर नाही, ट्रेसिंग क्लॉथवर काढत. ते खळ घातलेलं मलमलीसारखं तलम कापड असतं. शाई सांडून बिघडलेला तुकडा घरी नेऊन गरम पाण्यात उकळला की खळ निघून जाते आणि खाली असं मऊ कापड राहतं की आमच्या खात्यातल्या बहुतेकांच्या लेकरांची झबली त्याचीच. त्याला लेकरं नव्हती, लग्नच नव्हतं. तो त्या कापडाच्या लांब चिंध्या फाडून ठेवायचा. कशासाठी, ते पुढे कळलं.

पेंच नदीवर धरण व्हायचं होतं. पाणी कुठपर्यंत चढेल ती रेघ नकाशावर काढायचं काम अर्थात त्याच्याकडे आलं. रेघ काढून झाली, आतल्या भागाला त्यानं फिकट निळा रंग भरला, आणि मग ब्रश धुऊन झाल्यावरही तो बराच वेळ त्या निळ्याकडे बघत बसला. तो मूळचा पारशिवनीकडचा. त्या निळ्याखालचं जंगल त्यानं लहानपणी पायाखाली घातलं होतं.

"काय झालं?" मी विचारलं.

"पाणी तं लागतेच गा," तो म्हणाला. "वावराले लागते, नागपूरले लागते. माणसाइले सांगितलं, नोटिशी दिल्या. तिले कोणी सांगितलं?"

ती म्हणजे कोण, हे मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं बाईचं काही प्रकरण असावं, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. म्हटलं, चला, याचंही काही अडलेलं आहे.

त्यानंतर दर रविवारी तो रिकामी पोती काखोटीला मारून पहाटेच्या एसटीनं पारशिवनीकडे जायला लागला. बुडणाऱ्या भागातली झाडं तोडायला सुरुवात झाली होती. पडलेल्या झाडांवरच्या आमऱ्या तो सालीसकट काढून आणायचा आणि नागपुरात ज्याच्या अंगणात जुनं झाड दिसेल त्याचं दार वाजवायचा. मग हाताचा तो प्रयोग, मग चिंधी. त्या मऊ चिंध्यांनी तो आमरी झाडाला बांधायचा. सुतळी तिच्या मुळांना कापते म्हणे.

आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, आंब्याचं मोठं झाड एकच होतं, ते आमच्या अंगणात. तेव्हा तो आमच्याकडे येणार हे ठरलेलंच होतं. पण माझे वडील, आबा, काटोलची संत्र्याची बाग धाकट्या भावाच्या हवाली करून आमच्याकडे राहायला आले होते, आणि बांबूला विळा बांधून झाडावरचं बांडगूळ काढण्यात त्यांची हयात गेली होती. आमरी बघताच ते काठी आपटत ओसरीवरून खाली आले.

"हे बांडगूळ माह्या झाडाले लावू नको."

"खात नाही आबाजी. बसते फक्त." हात, बोटं, सगळं झालं.

"बसणारेच खातात, बापू. तू मले शिकवून राहिला?"

मला वाटलं, संपलं. आबांनी नाही म्हटलं की नाही. मी त्यांच्यापुढे कधी दुसरं वाक्य बोललेलो नाही. हा गडी मातीत बसला, आमरी मांडीवर घेतली आणि म्हणाला, "एक काम करा आबाजी. एकच बांधू द्या. औंदा आंबा कमी आला तं मी सोताच्या हातानं काढून तुमच्या चुलीत टाकतो. अन् कमी नाही आला तं आणखी दोन बांधीन. बोला!"

आबा हसले. आमचे आबा! माझ्या लग्नातही जे हसले नव्हते. "बांध," ते म्हणाले, "पाहू तुही बसणारी."

त्या वर्षी आंबा असा लागला की फांद्यांना टेकू द्यावे लागले. त्यात आमरीचा काही हात नव्हता, बहरच तसा होता, पण आबांना कोण सांगणार? त्यांनी पाडाचे आंबे निवडून डालीत भरले आणि त्याला दिले. मला आयुष्यात त्यांनी काही निवडून दिलं असेल तर ती माझी बायको. त्यानं डालीला हात जोडले.

"नाही आबाजी. मी बी खात नाही. बसतो फक्त."

हे मात्र खरं होतं, आणि हीच त्याची सगळ्यात चमत्कारिक सवय होती. तो आठवड्यातून तीनदा तरी यायचा, ओसरीवरच्या माझ्या वेताच्या खुर्चीत बसायचा. माझ्या, हे लक्षात घ्या. मग मी पायरीवर. तास-दीड तास आबांशी झाडांच्या गोष्टी चालायच्या. पण आमच्या घरात त्यानं पाण्याखेरीज काही तोंडाला लावलं नाही. माझी बायको सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, फार छान करते. इतरांना मिळावी म्हणून मागे लागावं लागतं. त्याच्यापुढे ती बशी घेऊन उभी राहायची.

"घ्या नं भाऊजी. गरम आहे."

"नको वं वहिनी. खाल्लं की माणूस पाहुणा होते. बसलं की घरचा राह्यते."

यावर ती अशी काही खूश व्हायची की बशी माझ्यापुढे ठेवायचंही विसरून आत जायची. एक दिवस न राहवून मी तिला म्हणालो, "हा माणूस आहे की बांडगूळ?" ती म्हणाली, "बांडगूळ खाते. तुमीच तं खाऊन राहिले आता त्याची वडी." मी वडी खाली ठेवली. मग परत उचलली, कारण वडीनं काय केलं होतं?

एका रविवारी मी त्याच्याबरोबर गेलो. तो बोलावत होता म्हणून नव्हे. तिथे असं काय आहे की हा सोमवारी इतका टवटवीत दिसतो, ते मला बघायचं होतं.

मे महिना होता. एसटीतून उतरून पुढे बरंच चाललो. जंगल जिथे असायला हवं तिथे उजेडच उजेड होता. मोहाचे, आंब्याचे मोठमोठे बुंधे आडवे पडलेले, फांद्यांचे ढीग लावलेले, काही ढिगांना आग दिलेली. आणि त्या आडव्या झाडांवर आमऱ्या फुललेल्या होत्या. झाड मेलं हे त्यांना अजून कळलेलं नव्हतं. मी ते फूल पहिल्यांदाच जवळून पाहिलं. मळकट पिवळ्या पाकळीवर तपकिरी रेघांची बारीक जाळी आणि मधोमध निळसर जांभळी जीभ. मी ड्राफ्ट्समन माणूस, इतकी बारीक जाळी मला भिंग लावूनही काढता आली नसती. उन्हात त्याचा गोड वास पसरला होता आणि त्यात धुराचा वास मिसळला होता.

फांद्या वेचणाऱ्या बायकांपैकी एकीनं विचारलं, "हे काहून नेऊन राहिले जी? याची भाजी होते का?"

"नाही वं माय. काही होत नाही याचं. बसते फक्त."

"मंग बशीन की इथंच!" ती म्हणाली आणि बाकीच्या हसल्या. तोही हसला. पण पुढच्या ढिगाकडे जाताना त्याच बाईनं पेटलेल्या फांदीवरची एक आमरी काठीनं ओढून बाहेर काढली आणि त्याच्या पोत्यापाशी आणून टाकली. सगळ्यांवर त्याचं हे असं चालायचं.

परत येताना एसटीत पोतं मांडीवर घेऊन तो म्हणाला, "बांधलं म्हणजे वाचलं नाही गा. फुललं म्हणजे बी वाचलं नाही. फुलाची शेंग होते, शेंगेतून बी उडते. पिठासारखी राह्यते ती, दिसतसुद्धा नाही. ती कोण्या झाडावर जाऊन बसली, अन् तिथं एखादं पोर आपल्या मनानं उगवलं, चिंधीबिगर, की मग म्हणीन हिचं गाव बसलं. तेवढं एक पाह्यचं आहे मले."

"आणि नाही उगवलं तर?"

त्यानं मांडीवरचं पोतं जवळ ओढलं. नाही उगवलं तर त्यानं जन्मभर नुसती पोती वाहिली, एवढाच त्याचा अर्थ होता. मला तेव्हा वाटलं, माझ्यापाशी असं एकही काम नाही की जे फसलं तर माझा जन्म फुकट जाईल. याचाही मला हेवा वाटला. माणूस पार वाया गेला की कशाचाही हेवा करतो.

उतरताना त्यानं एक आमरी मला दिली. "ही तुही. आबाजीची नाही, वहिनीची नाही. तुही."

मग मी जिद्दीला पेटलो. त्याची आमरी आंब्यावर उन्हात लटकतेय ना? माझी सुखात वाढेल. नागपूरचा मे तुम्हाला माहीत आहे. आम्ही माणसं दुपारी कूलरपुढून हलत नाही, आणि ही तर बिचारी जंगलातून आलेली. मी तिला कुंडीत चांगली काळी माती आणि शेणखत घालून लावली आणि कूलरच्या खसला लागून ठेवली. दिवसभर गार वारा, गार पाण्याचे तुषार, वर खसचा सुगंध. मी ऑफिसातून आलो की आधी तिला पाणी घालायचो, मग स्वतः प्यायचो. आबा खाटेवरून म्हणायचे, "माह्यापेक्षा तिचीच खातिरदारी जास्त आहे." मी मनात म्हणायचो, फुलू द्या, मग सांगतो.

ती सडली. बुडापासून काळी पडली आणि एक दिवस हातात घेतली तर पानं गळून हाती आली. तिकडे आंब्यावरची, जिला ऊन सोडून कोणी काही दिलं नव्हतं, तिच्यावर तुरा आला होता. सगळं लेआउट बघायला लोटलं. झाड आमचं, अंगण आमचं, चहा आमच्या घरचा, आणि जो तो त्याच्या पाठीवर थाप मारून जात होता.

त्यानं कुंडी पाहिली. मला वाटलं, आता हा हसणार, आणि तो हसला असता तर मी त्याला माफ केलं असतं. तो म्हणाला, "लाड जास्त झाले गा. तिले वाऱ्यावर सोडलं की ती राह्यते. माह्यापण पह्यल्या अशाच मेल्या." आणि दुसरी आणून दिली. ती मी घेतली आणि त्यानंच आंब्याला बांधली.

पुढे धरणात पाणी आलं. आणण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा रविवारी तो नागपुरातच सायकलवर हिंडायचा, बांधलेल्या आमऱ्या बघत. काही जगल्या होत्या. काही मेल्या होत्या. एका घरी दिवाळीच्या रंगरंगोटीत माणसं लावून झाड साफ करून घेतलं, त्यात सगळ्या खरवडून निघाल्या. मालकानं त्यालाच कौतुकानं सांगितलं की बघा, बांडगूळ कसं काढून टाकलं. त्या दिवशी तो आमच्याकडे येऊन माझ्या खुर्चीत बसला आणि आबांशीही बोलला नाही. आबांनी आपला हात त्याच्या गुडघ्यावर ठेवला, आणि दोघं तसेच बसून राहिले. मी पायरीवरून बघत होतो. माझ्या गुडघ्यावर आबांचा हात कधी आला होता, ते मला आठवेना.

आमच्या आंब्याखाली उभा राहून तो फांद्या तपासायचा. हात पाठीमागे बांधून, मान वर करून, सालीची एकेक भेग बघत. "आहे का काही?" मी विचारायचो. "नाही गा," तो म्हणायचा, "पण सालीले काई नाही झालं. येईन." दर पावसाळ्यानंतर हे संभाषण व्हायचं आणि दर वेळी मला, आता सांगायला काय हरकत आहे, थोडंसं बरं वाटायचं.

मग त्याला कावीळ झाली. बरा होऊन आला, पुन्हा झाली. ऑफिसात त्याच्या टेबलावरचे नकाशे माझ्या टेबलावर यायला लागले. इतकी वर्षं मी ज्याची वाट बघितली ते घडलं होतं. साहेब विचारपूस न करता सरळ गुंडाळी ठेवून जात, आणि मला त्यात काही गोडी वाटेना. शेजारचं गुणगुणणं बंद झाल्यावर माझी रेघही हलायला लागली.

एका संध्याकाळी तो रिक्षानं आमच्याकडे आला. डोळे पिवळे, गळ्याशी शर्ट सैल. आंब्याखाली उभा राहिला, वर बघितलं, ओसरीवर आला, खुर्चीत बसला आणि म्हणाला, "वहिनी, काही आहे का वं खायले?"

बायको आत पळाली. कावीळवाल्याला चालेल असं काय आहे, म्हणून तिनं मऊ भात केला, वर ताक घातलं, आबांच्या ताटलीत वाढलं. तो हळूहळू सगळा भात जेवला. ताटली पुसून घेतली. "पोट भरलं," म्हणाला, आबांच्या पाया पडला आणि रिक्षात बसला. आम्हाला वाटलं, भूक लागली म्हणजे आता बरा होतोय. आबाही तसंच म्हणाले. खाल्लं की माणूस पाहुणा होते, हे त्याचं वाक्य आम्हा तिघांपैकी एकालाही त्या संध्याकाळी आठवलं नाही.

महिन्याभरात तो गेला. मोक्षधामावर एवढी माणसं होती की मला मागे उभं राहावं लागलं. प्रत्येक जण आपापल्या झाडावरच्या आमरीबद्दल बोलत होता. मला वाटायचं, जवळून ओळखणारा मी एकटाच.

आमच्या ओसरीवर त्याची खुर्ची तशीच राहिली. त्याची म्हणतोय मी, बघा. आबा कोणाला तीत बसू देत नसत, आणि आबा गेल्यावर बायको बसू देईना. मी तर आधीपासून पायरीवरच होतो.

त्यानंतर काही पावसाळे गेले. एका सकाळी आंब्याच्या फांदीला टेकू लावायला मी शिडी लावून वर चढलो होतो. दक्षिणेकडच्या फांदीवर, जिथे त्यानं कधी काही बांधलं नव्हतं, सालीच्या भेगेत काहीतरी हिरवं दिसलं. शेवाळ असेल म्हणून मी बोट लावलं. नखाएवढी दोन पानं होती. खाली एकच पांढरं मूळ निघून सालीला घट्ट चिकटलं होतं. मी पुन्हापुन्हा चाचपून पाहिलं. चिंधी नव्हती, चिंधीचा धागासुद्धा नव्हता.

मी शिडीवर तसाच उभा राहिलो. त्याला जे बघायचं होतं ते माझ्या झाडावर, माझ्या डोळ्यांपुढे होतं. उभ्या जन्मात पहिल्यांदा त्याला न मिळालेलं काही मला मिळालं होतं, आणि ते बघून जळायला तो नव्हता. असता तरी जळला नसता म्हणा. नाचला असता, लेआउट गोळा केलं असतं, माझ्याच पाठीवर थाप मारली असती. मला त्याचा त्या क्षणी इतका राग आला की शिडीवरून उतरताना खालची पायरी दिसेना.

"अवो," बायकोनं आतून हाक मारली, "नाश्ता झाला. घेऊन येऊ का?"

"नको," मी म्हणालो, "थोडं बसतो."

आणि ओसरीवर जाऊन मी खुर्चीत बसलो. बायको बशी घेऊन दारात आली, खुर्चीकडे पाहिलं, आणि पायरीवर बसली.